काय रे नळा

मी एक जुना पितळी नळ आहे, आणि सध्या मी गळत नाही. यातली दुसरी गोष्ट अभिमानाने सांगावी की उसासा टाकून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मित्रांनो, तुम्ही माझी हकिकत ऐका आणि तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा कुठे आठवतो? वाळूच्या साच्यात वितळलेलं पितळ ओतलं गेलं, कुणीतरी कानशीने माझ्या कडा घासल्या, आणि मला पहिली शुद्ध आली ती थेट बेगम बाजारात. एका दुकानाच्या दारात, सुतळीत ओवलेल्या नळांच्या माळेत मी लटकत होतो. तिथे एके दिवशी हिम्मतराव आले. कोर्टात कारकून होते, त्यामुळे कुणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. माळेतला एकेक नळ बंद करून, तोंडाला लावून ते फुंकून पाहू लागले. हवा निसटली की तो नळ नापास.

दुकानदार वैतागला. "साब, नल ले रहे कि शहनाई?"

"हौ, शहनाईच," हिम्मतराव म्हणाले. "घर में रोज बजनी है ना."

माझ्यातून हवा निसटली नाही. मी पास झालो. कुणीतरी आपल्याला पारखून, निवडून घरी नेलं, याचा आनंद फार मोठा असतो. तो मला पुढे बरीच वर्षं पुरला.

काचीगुड्याच्या एका गल्लीत, उताराच्या अगदी शेवटी हिम्मतरावांचं घर होतं. अंगणाच्या मधोमध उभ्या नळीवर मला बसवलं, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. थोरल्या मुलाचं, केशवरावांचं लग्न नुकतंच झालं होतं. पहिली घागर भरायचा मान नव्या सुनेचा, म्हणून मंगलाबाई पुढे आल्या. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. त्यांनी मला उघडलं आणि मी इतक्या जोरात फसफसलो की त्या घागर टाकून मागे पळाल्या. सगळं घर हसलं. मग काही वर्षांनी धाकट्या मुकुंदरावांची लीलाबाई आली, सोलापूरची. तिला मंगलाबाईंनी आधीच बजावून ठेवलं, "हा नळ आधी खोकतो, मग बोलतो. घाबरू नकोस."

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं आणि ते कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून एक युक्ती होती. पाण्याच्या दिवशी मला उघडं ठेवायचं आणि माझ्याखाली लोखंडी घमेलं पालथं घालायचं. पाणी आलं की आधी माझा खोकला, मग घमेल्यावर तडतड. ते ऐकलं की दोघी जावा दोन खोल्यांतून धावत सुटायच्या. एक बादल्या लावी, दुसरी उचली. एक धुणं धुई, दुसरी पिळी. आणि दोघींची तोंडं माझ्या धारेपेक्षा जास्त वाहायची. नवऱ्यांच्या नकला व्हायच्या. शेजारणींची खबर घेतली जायची. लीलाबाईला "हो"ऐवजी "हौ" म्हणायची सवय इथेच लागली. माहेरी गेली की तिच्या बहिणी तिला त्यावरून चिडवत.

मला वाटे, हे सगळं माझ्याभोवती चाललंय म्हणजे माझ्यासाठीच चाललंय. तरुणपणी असं वाटतं.

हिम्मतराव गेले आणि काही दिवसांनी दोन्ही भाऊ भांडले. कशावरून ते मला ठाऊक नाही. मी अंगणात, भांडण ओसरीवर. मला ऐकू आले ते फक्त आवाज, आणि नंतर विटा उतरवल्याचा आवाज. अंगणात भिंत आली. नेमकी माझ्यावरून. पण पाण्याचं कनेक्शन एकच, हिम्मतरावांच्या नावाचं. दुसरं घ्यायचं तर दोघा भावांनी एकत्र जाऊन सह्या करायला हव्या होत्या, आणि एकत्र तर ते रस्त्यानेही चालत नव्हते. तेव्हा गवंड्याने माझ्याभोवती भिंतीत बादली मावेल एवढं भोक सोडलं. मी त्या भोकात. एक पाणी थोरल्या घराचं, पुढचं पाणी धाकट्या घराचं.

भांडण भावांचं, पण अबोला जावांनाही पाळावा लागला. तो काळ तसा होता. नवरा ज्याच्याशी बोलत नाही त्याच्या बायकोशी आपण बोललो तर जेवताना ताटावर ऐकावं लागे.

पण मित्रांनो, बायका बोलल्याशिवाय राहतात होय? आपल्याकडे लेकी बोले सुने लागे ही रीत जुनीच आहे. लेकीला बोलायचं, ऐकायचं सुनेनं. इथे लेकीच्या जागी त्यांनी मला बसवलं.

पहिल्यांदा मंगलाबाई बोलल्या. माझ्याकडे बघून, पण भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात. "काय रे नळा, काल कुणी अंगण धुवून तळं केलं? पाणी काय आकाशातून पडतं?"

पलीकडे भांडी थांबली. मग लीलाबाई म्हणाली, "नळा, सांग बाबा, पाणी आकाशातूनच पडतं म्हणून."

अलीकडे तोंडावर पदर दाबून हसल्याचा आवाज. तो फक्त मी ऐकला.

तेव्हापासून मी त्या घराचा टपाल्या झालो. "काय रे नळा, ऐकलंस का, हर्षद पास झाला." हर्षद म्हणजे मंगलाबाईंचा मुलगा. दुसऱ्या दिवशी भोकाच्या कडेला वाटीभर साखर ठेवलेली होती. साखर कुणाची, कुणासाठी, कुणी विचारलं नाही. रिकामी वाटी परत देऊ नये, म्हणून ती लिंबाच्या लोणच्याची फोड घेऊन परत गेली. "नळा, मेघनाला पुण्याचं स्थळ आलंय म्हणावं." मेघना लीलाबाईची मुलगी. "नळा, पुण्याच्या लोकांना भाजीत गूळ लागतो, तेवढं पोरीला शिकवून धाडा म्हणावं." टोमणे, काळज्या, पाककृती, सगळं माझं नाव घेऊन. दसऱ्याला घरातल्या हत्यारांना झेंडू वाहतात ना, तेव्हा एकजण सकाळी येऊन माझ्या मानेला फूल बांधून जाई. मग दुसरी येई, ते फूल बघे, आणि शेजारी आपलं बांधे. थोडं मोठं.

गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या नळाला एवढं बोलणं आणि एवढी फुलं मिळाली असतील? पण एक गोष्ट मला हळूहळू उमगली. एवढ्या वर्षांत माझ्याशी इतकं बोललं गेलं, पण त्यातला एकही शब्द माझ्यासाठी नव्हता. मी वाटेत होतो, एवढंच.

मुकुंदराव आधी गेले, केशवराव नंतर. दोन्ही वेळा रडणं एकत्र झालं. रस्त्याने वळसा घालून या दारची त्या दारी गेली, गळ्यात पडली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मग पहिलं वाक्य कुणी बोलायचं हे दोघींना कळेना. भांडणारी दोन्ही माणसं निघून गेली, भांडण मात्र इथेच राहिलं. त्याला न्यायला कुणी आलंच नाही. मेघना पुण्याला. हर्षद लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला कोंडापूरला, चौदाव्या मजल्यावर. भिंतीच्या दोन बाजूंना दोन बाया, दोन कुकर, दोन रेडिओ, आणि मधे मी.

त्या भोकातून त्यांना एकमेकींचे फक्त हात दिसत. हिरव्या बांगड्यांचे हात, मग एकेका सोन्याच्या बांगडीचे. पुढे मंगलाबाईंची बोटं सांध्यांशी वाकू लागली. मला उघडताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघे. ते हात लीलाबाईने पाहिले. अशा गोष्टी नळामार्फत बोलता येत नाहीत. पण त्या दिवसापासून ती मला घट्ट बंद करीना. सैल ठेवू लागली, पुढच्या पाण्याला वहिनींना उघडायला जोर लागू नये म्हणून. आणि मंगलाबाईंच्या बोटांत घट्ट बंद करण्याची ताकदच उरली नव्हती.

मित्रांनो, नळाचं असं आहे. सैल राहिला की फटीत रेती अडकते, रेतीने आतला रबरी वायसर झिजतो, आणि एकदा वायसर झिजला की मग कितीही आवळा. मी गळू लागलो. आमचं घर उताराच्या तळाशी, त्यामुळे पाणी गेलं तरी गल्लीच्या नळीतलं उरलंसुरलं पाणी माझ्याकडे उतरत राही. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्.

"काय रे नळा," मंगलाबाई म्हणायच्या, "कुणाच्या हाताला एवढा आळस आहे रे, की साधा नळ बंद होत नाही?"

"नळा, आळस तर आळस म्हणावं," पलीकडून येई.

ती खरं कारण कधीच सांगत नसे. मला ठाऊक होतं, पण मला काय विचारतं कोण?

एका रविवारी हर्षद आला. मुलगा वाईट नाही. येताना आईचं बीपीचं औषध आणतो, फ्रीज उघडून बघतो. त्याने अंगणात उभं राहून विषय काढला. "आई, इथे एकटी किती दिवस राहणार तू? रात्री काही झालं तर? तिकडे लिफ्ट आहे, वॉचमन आहे, चोवीस तास पाणी आहे. घर बंद करू, चल."

"नळ गळतोय," मंगलाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गळता नळ ठेवून घराला कुलूप घालू नये. लक्ष्मी जाते."

"मग नळ दुरुस्त झाला की येशील?"

"बघू."

"बघू नाही. नळ झाला की यायचं. आणि घर बंदच ठेवायचं तर हे भिंतीचं भोकही बुजवून टाकू. नळ काकूच्या बाजूला राहू दे. तिला पाणी लागेलच ना."

"हौ," मंगलाबाई म्हणाल्या. सुटका करून घ्यायला माणूस म्हणतो तसं.

पलीकडे लीलाबाई कढई घासत होती. ते घासणं थांबलं. पाणी तसंच कढईत राहिलं.

यादगिरी प्लंबर आला. त्याने माझं डोकं उकललं, आत बोट घातलं, आणि काळा चिंधीसारखा वायसर बाहेर काढला. "अम्मा, पूरा खतम. अब देखो, नया डाल दिया. बूंद नहीं गिरेगी."

नाही गिरी. मी कोरडा, चकचकीत, ठणठणीत झालो. माझ्या जातीच्या कुणालाही अभिमान वाटावा असा. आणि अंगणात शांतता पसरली. मंगलाबाई सवयीने भोकाशी आल्या, तोंड उघडलं, मिटलं. बोलायचं कशावर? पलीकडेही पावलं आली आणि परत गेली. मी गळत होतो तोवर दोघींकडे निदान एक वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाणी गेलेलं असताना, लीलाबाई मुकुंदरावांच्या पेटीतली पकड घेऊन आली. इकडेतिकडे पाहिलं. मला धरून उकललं, नवा वायसर काढला, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि मला परत आवळून निघून गेली.

पुढचं पाणी येऊन गेलं आणि संध्याकाळी मंगलाबाईंच्या कानावर आलं. टप्.

त्या जवळजवळ धावत आल्या. "काय रे नळा, तुला बरं होणं मानवतच नाही का?" आवाजात राग कुठेच नव्हता.

"नळा, म्हातारपण आहे म्हणावं," पलीकडून आलं.

त्यांनी लगेच हर्षदला फोन लावला. "अरे, पुन्हा गळू लागला. काय करू, बाबा?" मुलाला वाईट वाटेल म्हणून त्यांनी स्वतःच्या आवाजात थोडं दुःख घातलं.

यादगिरी परत आला. मला उकलून बघतच राहिला. "अम्मा! वायसर ही गायब! चूहा खा गया क्या?"

"हमारे चूहे पढेलिखे हैं, यादगिरी," मंगलाबाई म्हणाल्या. त्या भिंतीकडे बघत होत्या. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

याही वेळी नवा वायसर बसला. आता हर्षदने सैल सोडलं नाही. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला, गवंड्यालाही बोलावून ठेवलं. मंगलाबाईंनी दोन बॅगा भरल्या. देव वेगळ्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवले. तुळस कुठे ठेवायची हे मात्र ठरेना. ती दारातच राहिली.

शनिवारची दुपार. गल्ली झोपलेली. मंगलाबाई केशवरावांची जुनी पकड घेऊन भोकाशी आल्या, खाली वाकल्या, आणि वाकड्या बोटांनी ती माझ्या डोक्यावर बसवू लागल्या. त्याच वेळी पलीकडून एक हात आत आला. त्या हातातही पकड. दोन्ही पकडी माझ्यावर एकदम आदळल्या. टण्ण!

दोन्ही पकडी तशाच माझ्या मानेवर राहिल्या.

"नळा," अखेर मंगलाबाई चाचरत म्हणाल्या, "विचार बरं, भरदुपारी पकड घेऊन कुणाचं काय चाललंय?"

पलीकडचा हात मागे गेला नाही.

"वहिनी," लीलाबाई म्हणाली. "नळाला काय विचारता? मला विचारा."

मित्रांनो, एवढी वर्षं माझ्यावरून सगळं गेलं होतं. हे वाक्य मला न शिवता गेलं.

"विचारते," मंगलाबाई म्हणाल्या. "काय करत होतीस?"

"तुम्ही काय करत होता?"

"मी... घट्ट बसलाय का ते बघत होते."

"पकडीनं?"

"मग तू काय पकडीनं तुळशीला पाणी घालत होतीस?"

लीलाबाई हसली. मग मंगलाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांची पकड खाली पडली. "मला फिरवता येत नाही गं. बोटंच ऐकत नाहीत."

"ठाऊक आहे. म्हणून तर सैल ठेवत होते मी नळ. तुम्हाला उघडताना दुखू नये म्हणून."

मंगलाबाईंनी आपली बोटं एकदा उलटीसुलटी करून पाहिली.

"आणि मी तुला आळशी म्हणत होते," मंगलाबाई म्हणाल्या.

"मला कुठे? नळाला म्हणत होता."

"आणि मागचा वायसर?"

पदराची गाठ सुटली. भोकातून एक तळहात पुढे आला, त्यावर काळा रबरी वायसर. "हा घ्या. पढेलिखे उंदीर परत करतायत." आणि मग, तो तळहात तसाच ठेवून, ती म्हणाली, "वहिनी, जाऊ नका ना."

मंगलाबाईंनी वायसर घेतला नाही. तो हातच धरला. माझ्या शेजारून, मला वळसा घालून.

फोन त्यांनी तिथेच बसून लावला. "हर्षद, उद्या गाडी आण, पण सामान न्यायला नाही. जेवायला ये. घर बंद करायचं नाही."

"आई, पुन्हा नळ का?"

"नळ ठणठणीत आहे. मी लीलाला विचारलं. ती म्हणते, राहा."

"कुणाला विचारलं?"

"काकूला. तुला एकच काकू आहे."

"तुम्ही बोलता?"

"मग काय नळाशी बोलू?" मंगलाबाई म्हणाल्या.

रविवारी हर्षद आला आणि बॅगांकडे, काकूकडे, परत बॅगांकडे बघत दोन्ही घरचं जेवला. गवंडीही आला. आलेल्या माणसाला रिकामं कसं पाठवायचं? भोक बुजवायच्या ऐवजी त्याच्याकडून मोठं करून घेतलं, माणूस जाईल एवढं. आता मी दाराच्या कडेला उभा आहे. वाटेतून मला बाजूला केलं, असं म्हणा ना.

मी आता गळत नाही. लीलाबाई मला उघडते आणि बंद करते, थोरल्या घराच्या पाळीलाही. पाळीच उरली नाही. घमेलं वाजलं की "वहिनी, पाणी!" अशी हाक माझ्या डोक्यावरून सरळ पलीकडे जाते. दुपारी दोघी त्या दारात चहा घेऊन बसतात आणि माझ्याशेजारी तासन् तास बोलतात. माझं नाव कुणी घेत नाही. घ्यायचं कारण काय?

यंदाच्या दसऱ्याला मी सकाळपासून वाट पाहत होतो. दोन फुलांची हाव नव्हती. एकत्र मिळून एक बांधतील, असं वाटलं. विळीला झेंडू वाहिला, खलबत्त्याला वाहिला, मिक्सरलासुद्धा. संध्याकाळी गल्लीत बायका आपट्याची पानं वाटत फिरू लागल्या तेव्हा लीलाबाईच्या लक्षात आलं. "अगंबाई, नळाला फूल? मला वाटलं तुम्ही बांधलंत."

"मला वाटलं तू," मंगलाबाई म्हणाल्या. आणि तेवढ्यात दारात कुणी आलं, म्हणून दोघी तिकडे गेल्या.

माझी तक्रार नाही. हिम्मतरावांनी मला पारखून आणलं ते पाणी द्यायला आणि हवा अडवायला. दोन्ही मी अजून करतो. त्या दोघींना एकमेकींचा आवाज मिळाला, तो माझ्यापाशी मिळाला, हे मला पुरायला हवं. बहुतेक दिवशी पुरतंही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी एखादा नळ गळत असेल, तर त्याला गळत ठेवू नका. पाणी कुणाच्याही घरचं असलं तरी ते वाया जाऊ देऊ नये. वायसर बदला, पकड नसेल तर शेजाऱ्यांकडे मागा. त्या निमित्ताने शेजारीही भेटतील. आणि ज्या कुणाशी बोलायचंय, त्याच्याशीच बोला, मधे नळ ठेवू नका. फक्त एक करा. नळ बंद केल्यावर हात लगेच काढू नका. घटकाभर राहू द्या. आणि "काय रे नळा" एवढंच म्हणा, पलीकडे ऐकणारं कुणी नसलं तरी.